अडीच तासांचा झेंडा

कोल्हापूर–कागल एसटीवर यल्लाप्पा कांबळे यांची एकवीस वर्षं गेली. वय चोपन्न, आवाज खणखणीत आणि पोट असं की वळणावर स्टेअरिंगला घासायचं. कंडक्टर अमीन मुजावर त्यांना आण्णा म्हणायचा. दोघांची दिवसभर चाललेली भांडणं ऐकायला रोजचे उतारू मुद्दाम पुढच्या सीटवर बसायचे.

एका रविवारी शहरातल्या मॅरेथॉनसाठी रस्ता अडवला होता. गाडी पाऊण तास जागची हलेना. यल्लाप्पा वैतागून खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात घामानं निथळत एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पळत आला. सत्तरीचा तरी असेल.

“ओ पावणं, कोण लागलंय मागं?” यल्लाप्पांनी हाक मारली.

“वय लागलंय!” म्हातारा न थांबता ओरडला आणि पुढं निघून गेला.

सगळी गाडी हसली. यल्लाप्पाही हसले. पण तो म्हातारा काही त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ड्युटीचेच चामडी बूट चढवून उचगावच्या घरातून बाहेर पडले आणि पळायला लागले. विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत पोचले. तिसऱ्या खांबाला धरून उभे राहिले.

घरी आल्यावर बायकोनं, शेवंताबाईंनी विचारलं, “कुठं गेलतासा?”

“पळाय.”

“आणि मग धापा टाकत चालत का आलासा?” त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, चार वर्षांच्या पोरांना जसं विचारतात तसंच त्यांनी विचारलं.

यल्लाप्पांनी रोज एक खांब वाढवला. महिन्याभरात खांब मोजणं सुटलं. तीन महिन्यांत ते विद्यापीठाच्या फाटकापर्यंत पळत जाऊन येऊ लागले. पोट स्टेअरिंगपासून सुटलं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं, ते त्यांनी डेपोत सगळ्यांना दाखवलं. येत्या हिवाळ्यात एकवीस किलोमीटर पळायचं, असं एके दिवशी त्यांनी अमीनला सांगितलं.

“एकवीस? म्हंजे आपली कागलची एक फेरीच की!” अमीन म्हणाला. “आण्णा, गाडी असताना पळायचं कशाला?”

मग आठवड्याच्या सुट्टीला यल्लाप्पा भल्या पहाटे कागलला गेले आणि सेवा रस्त्यानं कोल्हापूरच्या दिशेनं पळत निघाले. पहिली दोन गावं हसत-खेळत मागं पडली. गोकुळ शिरगावच्या जवळ मात्र मांड्या दगड झाल्या. ते कडेला फतकल मारून बसले. थोड्या वेळानं त्यांचीच गाडी आली, दुसरा ड्रायव्हर घेऊन. दारात उभ्या अमीननं घंटी मारून गाडी थांबवली.

“काय आण्णा, पास हाय का?”

उतारूंनी हसून गाडी डोक्यावर घेतली. यल्लाप्पा मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना खरंच वाईट वाटलं. आपण चोपन्नाव्या वर्षी पोरखेळ मांडलाय, असं त्यांनी जेवताना शेवंताबाईंना बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी वर्तमानपत्रावर नवऱ्याच्या बुटाचा आकार काढला, कागद कापून पर्समध्ये ठेवला आणि शाहूपुरीत जाऊन पळायचे बूट घेऊन आल्या. भडक केशरी.

“असला रंग?” यल्लाप्पा म्हणाले.

“आंधारात गाडीवाल्यांना दिसाय नको व्हय? त्या चामडी बुटात काय, घोडं बी पळायचं न्हाय.”

चार आठवड्यांनी त्याच केशरी बुटांत त्यांनी कागल ते उचगाव सगळं अंतर पळून काढलं.

शर्यतीच्या दिवशी पोलीस ग्राउंडवर ही गर्दी! ज्यांना ठराविक वेळेत पोचायचं असेल त्यांच्यासाठी पाठीला झेंडा बांधलेले वाटाडे होते. अडीच तासांचा झेंडा तेजस्वी नावाच्या एका क्रीडा-शिक्षिकेच्या पाठीवर होता. यल्लाप्पा तिच्या मागं लागले. आणखी आठ जणही आले. गप्पा मारत, एकमेकांची गावं विचारत सगळे एका चालीनं पळत होते.

चौदाव्या किलोमीटरला तेजस्वीच्या पोटरीत गोळा आला. तिनं दोनदा पाय झटकला, चार पावलं लंगडली आणि थांबली. मागचे सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

“माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाय,” ती म्हणाली. मग झेंडा सोडत तिनं यल्लाप्पांकडं बघितलं. “काका, तुम्ही घ्या.”

“मी? आवो, माझी पयलीच शर्यत हाय!”

“असू दे. मघापासनं बघतोय मी. चढ असू दे न्हायतर उतार, तुमची चाल हलत न्हाय.” तिनं झेंडा त्यांच्या पाठीला बांधला आणि स्वतःचं घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवलं.

यल्लाप्पा निघाले. पाठीवर झेंडा आल्यावर त्यांना दमायला वेळच उरला नाही. “उजवीकडनं! खड्डा हाय फुडं! पाणी प्या, पर उभं ऱ्हाऊ नका!” त्यांचा आवाज रस्ताभर घुमत होता. अठराव्या किलोमीटरला त्या आठ जणांतली पेठ वडगावची प्रीती मागं पडायला लागली. बँकेत नोकरीला होती, तिचीही पहिलीच शर्यत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काका, तुम्ही व्हा फुडं. माझ्यापायी सगळ्यांना उशीर.”

यल्लाप्पांनी घड्याळ बघितलं. त्यांनी चाल कमी केली आणि बाकीच्यांना विचारलं, “थोडं हळू चालंल का रं?”

“चालंल!” सगळे एकदम ओरडले.

मग त्यांनी प्रीतीला तिच्या आईविषयी विचारलं, म्हशी किती आहेत ते विचारलं, ऑफिसातला साहेब कसा आहे ते विचारलं. साहेबाचा विषय निघाल्यावर प्रीती इतकी तावातावानं बोलायला लागली की रडायचं विसरली. दीड किलोमीटर त्यातच सरला.

नऊही जण एका ओळीत शेवटच्या कमानीखालून आत आले. घड्याळात दोन तास, एकतीस मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंद झाली होती. मदतीच्या गाडीतनं आधीच पोचलेली तेजस्वी पोटरीवर बर्फ धरून तिथं बसली होती. यल्लाप्पा तडक तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

“बाई, पावणेदोन मिनिटं उशीर झाला. माफी असावी.”

ती इतकी हसली की हातातला बर्फ खाली पडला. प्रीतीनं वाकून यल्लाप्पांच्या पायाला हात लावला, तर ते म्हणाले, “खाली वाकू नगो, पुन्हा उठता यायचं न्हाय.” शेवंताबाईंबरोबर वाट बघत थांबलेल्या अमीननं त्यांना मिठी मारली. शेवंताबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातलं मेडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्याच गळ्यात घातलं.

संध्याकाळी यल्लाप्पा खाटेवर पाय पसरून पडले होते. फोन वाजला. प्रीतीचा होता. आठही जण एकाच कॉलवर जोडलेले होते.

“काका, येत्या रविवारी किती वाजता पळायचं?”

यल्लाप्पा काही बोलायच्या आत शेवंताबाईंनी फोन काढून घेतला.

“आधी त्यास्नी मोरीपतूर चालाय येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “आणि सहाला या. पोहे करून ठेवतो.”