माझ्या लेखातली ती एक ओळ

गेल्या मंगळवारी सकाळी, तासगावात आमच्या स्वयंपाकघरात, पोळ्या करता करता माझा जीव टांगणीला लागला. ते काही मनातून जात नाही... म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मला ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायचं वेड आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पगार नाही, मान नाही... कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, असा तो कारभार. मध्यंतरी मी तिथे बेदाण्यावर लेख लिहिला. सासरी द्राक्षं वाळवून बेदाणा करायचं शेड, वीस वर्षं राबलेय त्यात, मग काय, झोकात लिहिला!

माझा धाकटा भाऊ दत्तू वडूजजवळ माहेरीच असतो. त्याने यंदा पहिल्यांदाच स्वतःचं छोटं शेड घातलं आणि माझा लेख बघून एकेक काम करत होता. मंगळवारी त्याचा फोन आला, "आक्का, तुझ्या लेखात बघून गंधकाची धुरी दिली बघ. आता आत जाऊन बेदाण्याचा रंग बघतो." आणि ठेवलाच.

मी खूश होऊन पोळी उलटली... आणि एकदम लक्षात आलं. धुरीनंतर शेडचे पडदे उघडायचे, गंधकाचा विषारी गॅस पूर्ण निघून जाईपर्यंत आत पाय ठेवायचा नाही, हे मी लेखात लिहिलंच नव्हतं! आमच्याकडे सगळ्यांनाच ते ठाऊक असतं, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. पण वडूजला कुणाला ठाऊक असणार?

त्यात दत्तूची छाती आधीच नाजूक. कोरोनात पंधरा दिवस ऑक्सिजनवर होता तो.

फोन लावला, लागेना. त्याच्या बायकोचा, सुरेखाचा, नुसता वाजत राहिला. आमचे हे चहा पीत म्हणाले, "अगं, वास गेल्याशिवाय आत कोण जातंय? हे काय सांगायचं असतं होय?" अहो, मलाही तेच वाटलं होतं ना! ओरडलेच मी त्यांच्यावर. पोळी तव्यावर करपत होती, तिच्याकडे बघायचंही भान नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून लेख उघडला. निदान आता तरी ती सूचना घालावी... तर ती तिथे होती! पडदे उघडा, वास पूर्ण जाईपर्यंत बाहेर थांबा, असं स्पष्ट लिहिलेलं.

पण ही ओळ माझी नव्हती. मग लेखात कुणी कधी काय बदललं, तो इतिहास उघडला.

एक अनोळखी स्वयंसेवक माझ्या लेखात सारखे बदल करायचा, संदर्भ मागायचा. मला इतका राग यायचा! शेडात राबले मी, आणि हा मला शिकवणार? म्हणून त्याचा बदल दिसला की मी न वाचताच काढून टाकायचे. ती ओळ त्याने घातली होती, मी काढली होती. त्याने परत घातली, सोबत टीप, 'ताई, काढण्याआधी एकदा वाचा, जिवाचा प्रश्न आहे.' तीही मी काढली होती.

शेवटी आणखी एका स्वयंसेविकेने लेखाच्या चर्चापानावर त्याच्याशी बोलून, शेतीच्या पुस्तिकेतला संदर्भ शोधून ती परत घातली आणि पक्की केली. तीही चारच दिवसांपूर्वी. आणि दत्तू तर पंधरवड्यापासून लेख वाचत होता... त्याने नेमका कोणता वाचला असेल, ती ओळ असलेला की नसलेला?

चाळीस मिनिटं. देव आठवले, आई आठवली, त्याचा ऑक्सिजनचा मास्क आठवला. हे बिचारे गाडीची किल्ली घेऊन दारात उभे राहिले.

मग फोन वाजला. "आक्का, किती गं फोन केलंस? शेडापाशी रेंज न्हाई, आता बांधावर आलोय. बाहेरच बसलो हुतो पडदे उघडून. जाणारच हुतो आत, पर म्हटलं बांधावरनंच एकदा परत तुझा लेख बघावा... तूच लिवलंयस की, वास जाईस्तोवर थांब म्हणून!"

मी फक्त "हं" म्हणाले आणि तिथेच खाली बसून रडले.

त्या दोघा स्वयंसेवकांची चर्चापानावर माफी मागितली, आभारही मानले. त्याचं उत्तर आलं, 'आता गंधकाचं प्रमाणही एकदा तपासूया का?' बसलो मग तिघं तपासत. यावेळी प्रत्येक शब्द वाचला.

दत्तू, तू ही पोस्ट वाचशीलच. फोनवर सांगायचा धीर झाला नाही रे... ती ओळ मी लिहिली नव्हती. मी ती दोनदा पुसली होती.