निळं टिपाड

नांदेडच्या कडेला उमरी-नायगावकडून कामासाठी आलेल्या लोकांची एक वस्ती होती. तिथली पत्र्याची घरं पाडून चार मजली इमारत व्हायची होती. माणसं घर कसं वापरतात ते बघून नकाशे काढणाऱ्यांना सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी आर्किटेक्ट, त्यात पक्की लातूरची. ‘मला सांगू नका, मी इथलीच आहे,’ हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडात सारखं असायचं.

बिलोलीकडच्या एका मावशींची एकच खोली होती. दारातून आत गेलं की समोर पाण्याचं निळं टिपाड, कमरेइतका उंच ड्रम. शेगडी कुठं, कोण कुठं झोपतं, उजेड कुठून येतो, सगळं मी वहीत टिपून घेतलं. मग फोटो काढायला लागले तर टिपाड मध्येच.

“मावशी, हे जरा बाहेर घेता का?”

“भरलेलं हाय बाई. पाच दिवसानं आलंय पाणी.”

“दोनच मिनिटं,” मी म्हणाले.

शहाण्यासुरत्या बाईला नाही कसं म्हणायचं? मावशींनी आणि त्यांच्या सुनेनं घागरी, पातेली, शेवटी परातसुद्धा भरली. थोडं पाणी सांडलं, ते मावशींनी फडक्यानं टिपून बादलीत पिळलं. टिपाड बाहेर गेलं. फोटो सुरेख आला.

तो माझ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर छापला. लातूरच्या बैठकीत एकानं विचारलंही, पाणी साठवायला जागा कुठं ठेवलीय? मी ऐटीत म्हणाले, गच्चीवर टाकी आहे की! लहानपणी टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभी राहिलेली मीच हे बोलत होते. आमच्याही घरी बाहेरच्या खोलीत टिपाड होतं. पाहुणे यायचे म्हटलं की मी त्याच्यावर माझी ओढणी टाकायचे, इतकी मला त्याची लाज वाटायची. तीच लाज मी मावशींच्या घरात घेऊन गेले आणि तिला अभ्यास म्हणाले. आता लाज वाटते ती या गोष्टीची.

गेल्या वर्षी इमारत बघायला गेले. खोटं कशाला बोलू, थोडं कौतुक ऐकायचंही मनात होतं. मावशी दुसऱ्या मजल्यावर राहतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी क्वचितच असतं, म्हणून टिपाड घरातच आहे, आणि त्याला जागा मिळाली ती न्हाणीच्या दारात. दार लागत नाही. सून आंघोळीला गेली की मावशी जुनी साडी आडवी धरून उभ्या राहतात. हे त्यांनी हसत हसत सांगितलं.

काय करावं ते सुचेना म्हणून मी पर्समधून मोबाईल काढला, उगीचच. तो बघून मावशी लगबगीनं उठल्या.

“फोटो काढायचा न्हवं? थांबा बाई, रिकामं करते.”

मी नको म्हणेपर्यंत त्यांची पहिली घागर भरली होती.