एक जूनची माणसं

खोटं बोलायला मला नोकरीवर ठेवलं आहे आणि ते काम मी मन लावून करते.

योजना अशी आहे. नागरिकाने ओळख-केंद्राच्या साइटवर एकदाच लॉगिन करायचं. मग शाळेचं पोर्टल, दवाखान्याचं पोर्टल, पाणीपट्टीचं पोर्टल, सगळीकडे त्याच ओळखीवर आत जायचं. ओळख-केंद्र त्याच्यासोबत एक सही केलेली चिठ्ठी पाठवतं की हा माणूस अमुक, याला मी ओळखतो. पोर्टलने ती चिठ्ठी नीट वाचायची आणि मगच दार उघडायचं. अशा पोर्टलांना आमच्या धंद्यात सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतात. ती दार राखतात की नुसती दारात झोपतात, हे मी तपासते. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून त्यांना चिठ्ठ्या पाठवते. मुदत संपलेली, सही खरवडलेली, दुसऱ्याच पोर्टलच्या नावाने काढलेली, काल वापरून झालेली. पोर्टलने दर वेळी मला हाकलून द्यायला हवं. हाकललं की माझा दिवस चांगला जातो.

ब्राउझर उघडून बटणं दाबत बसणाऱ्या टेस्टरांशी माझं पटत नाही. बटण दाबलं, पान उघडलं, झालं, टिक. कमांडचं तसं नसतं. पोर्टल नेमकं काय बोललं ते शब्दन् शब्द समोर येतं, आणि उद्या तीच कमांड पुन्हा तशीच चालवता येते. कोणी म्हणालं, ‘काल तर चालत होतं हो मॅडम,’ की मी त्याच्या समोरच ती चालवून दाखवते. त्यामुळे ऑफिसात मी फारशी कोणाला आवडत नाही. मलाही ते आवडत नाहीत, तेव्हा हिशेब बरोबर आहे.

ऑफिस सातपूरला, एका वर्कशॉपच्या डोक्यावर. खाली लेथ सुरू झाली की वर टेबलावरचा चहा थरथरतो. आमचे टीम लीड माझ्याहून बरेच लहान, पण त्यांना सर म्हणायचं. ते मला मॅडम म्हणतात, आणि त्या ‘मॅडम’मध्ये ‘आता पुरे’ असं ऐकू येतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचं पोर्टल माझ्याकडे तपासायला दिलं. पेशंटने ओळख-केंद्रातून लॉगिन केलं की डॉक्टरांच्या स्क्रीनवर त्याची सगळी फाइल उघडणार होती. उद्घाटनाचा मंडपसुद्धा ठरला होता. पोर्टल पुण्याच्या एका कंपनीने बनवलं होतं आणि तिकडची मंडळी दिवसातून दोनदा फोन करून विचारायची, ‘झालं का?’

खोट्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत पोर्टल पक्कं निघालं. शिळी चिठ्ठी परत, खरवडलेली परत. सर खूश झाले. म्हणाले, ‘मॅडम, या वेळी तरी पास लिहा.’

पण खऱ्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी ओळख-केंद्राने काही काल्पनिक माणसं तयार करून दिली होती. सगळी कशी सुबक. एकाचं आडनाव दुसऱ्याला नाही, एकाची जन्मतारीख दुसऱ्याला नाही. कोणी मार्चातला, कोणी ऑक्टोबरातला. असं गाव मी तरी पाहिलेलं नाही.

मी पेठ गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आमच्याकडे पोर ज्या वारी जन्मलं त्या वारावरून त्याचं नाव ठेवायची रीत होती. वार सातच. आडनावं अख्ख्या पट्ट्यात चार-दोन. आणि जन्मतारीख गुरुजींनी दिलेली. शाळा भरली की गुरुजी पोराला उभं करून उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला सांगायचे. हाताला कान लागला की पोर सहा वर्षांचं झालं, लिहा जन्म एक जून. आमच्या वर्गातली सगळी पोरं एक जूनची होती. वरच्या वर्गातलीही, खालच्याही. मीसुद्धा. ऑफिसात त्या दिवशी माझ्यासाठी केक आणतात. आई सांगते, तू झालीस तेव्हा नागली खळ्यावर आली होती, म्हणजे थंडी सुरू झाली असणार. मी गुपचूप केक खाते.

तर मी माझ्या गावासारखी दोन माणसं बनवली. नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक, जन्म एक जून. ओळख-क्रमांक मात्र वेगवेगळे, कारण माणसं दोन. पहिल्याच्या नावावर एक फाइल ठेवली. मग दुसऱ्याच्या ओळखीने लॉगिन करून त्याची चिठ्ठी पाठवली. पोर्टलने म्हणायला हवं होतं, ‘तुमची फाइल नाही.’ त्याने पहिल्याची फाइल काढून माझ्या हातात ठेवली. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. घोडं कुठे पेंड खात होतं ते कळायला वेळ लागला नाही. चिठ्ठीत क्रमांक असतो, तो पोर्टल बघतच नव्हतं. नाव आणि जन्मतारीख जुळवायचं आणि जी फाइल सापडेल ती उघडायचं.

मी ‘नापास’ लिहिलं आणि सगळे फोनवर गोळा झाले.

पुण्याचा त्यांचा प्रमुख म्हणाला, ‘मॅडम, जुन्या फायलींमध्ये ओळख-क्रमांकच नाही, मग नावावरूनच जुळवणार ना? आणि एकच नाव, एकच बाप, एकच जन्मतारीख, अशी माणसं तुमच्या डोक्याबाहेर कुठे असतात का?’

मी गुरुजींचं आणि कानाचं सांगितलं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, ‘सगळी एक जूनला? म्हणजे नऊ महिने आधी, गणपतीत, तिकडे काय चालतं म्हणायचं!’

हशा झाला. आमचे सरही हसले. माझ्या कानशिलात आग उठली. मी म्हणाले, ‘माझाही जन्म एक जूनचा आहे. माझ्या आईबापांबद्दल अजून काही विचारायचं असेल तर विचारून घ्या, मी फोनवरच आहे.’ कोणी माफी मागितली नाही. नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम आहे असं म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सर मला समजवायला माझ्या टेबलापाशी आले. नापास लिहू नका, ‘निरीक्षण’ म्हणून टाका, नंतर बघतील. मग मी त्यांना दादाचं सांगितलं. माझा मोठा भाऊ. चौथीपर्यंत शिकला, आता द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडच्या बागांमध्ये कामाला येतो. काही वर्षांपूर्वी पायाला कात्री लागली म्हणून त्याला याच हॉस्पिटलात नेलं, आणि एका साध्या इंजेक्शनने त्याचा घसा सुजून श्वास अडकला. तो वाचला कसाबसा. तेव्हापासून त्याच्या फाइलवर त्या इंजेक्शनचं नाव आणि ‘देऊ नये’ हे शब्द लाल शाईत आहेत. उद्या पुन्हा लागलं आणि स्क्रीनवर दुसऱ्याच कोणाची फाइल उघडली तर?

सर म्हणाले, ‘मॅडम, हा तुमचा पर्सनल इश्यू झाला. टेस्टरने इमोशनल होऊ नये.’

मी दादाला फोन लावला. विचारलं, तुझ्या नावाचा आणखी कोणी आहे का?

‘हाय ना,’ तो म्हणाला. ‘वरच्या पाड्याला हाय एक. बापाचं नाव पण तेच. दवाखान्यात पुकारलं का आमी दोघं उठतो.’ आणि हसला.

‘मग फाइल कोणाची, ते कसं कळतं?’

‘बाई इचारते, कोणत्या पाड्याचा? मी म्हनतो खालच्या, मंग ती माझी फाइल काढते.’

खिडकीवरच्या बाईंच्या त्या एका प्रश्नावर इतकी वर्षं माझा भाऊ जिवंत होता. आणि नव्या पोर्टलमध्ये ती खिडकीच बंद होणार होती. नावावर आमच्या गावाने कधी विश्वास ठेवला नाही. पाडा विचारायचा, कोणाचा जावई ते विचारायचं, फार तर बैलाचा रंग विचारायचा. नावावर विश्वास ठेवायला पुण्याची कंपनी यावी लागली.

मी सरांना म्हणाले, मी खोटी माणसं वापरत नाही, खरा माणूस आणते. उद्घाटनासाठी पुण्याच्या कंपनीने आमच्याच तालुक्याच्या खऱ्या फायली चाचणीच्या मशीनवर ओतून ठेवल्या होत्या. हेही नियमात बसत नाही, पण त्यावरचं भांडण मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं. सर म्हणाले, आणा. पुण्याहूनही त्यांचा प्रमुख येणार होता, होऊन जाऊ द्या एकदाचं.

दादा बागेतून आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल, हाताच्या बोटांवर औषधाचे हिरवट डाग. काचेच्या खोलीत शिरताना त्याने चपला बाहेर काढल्या. मी म्हणाले, राहू दे. त्याने ऐकलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या मोबाइलवर आकडे आले, ते त्याने एकेक करून वाचून दाखवले, लॉगिन झालं. मी कमांड चालवली आणि पोर्टलने फाइल मोठ्या स्क्रीनवर उघडली.

वर दादाचं नाव, बापाचं नाव, एक जून. खाली मलेरियाचा ताप, हाताचं मोडलेलं हाड. दादाचा हात कधीच मोडला नव्हता. लाल अक्षरं कुठेच नव्हती. फाइल वरच्या पाड्याची होती.

मी काही बोलायच्या आत पुण्याचा प्रमुख पुढे झाला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘काका, नाव बघा. बरोबर आहे? ही तुमचीच फाइल ना?’

दादा उठून उभा राहिला. हात जोडले.

‘हो साहेब. माझीच.’

‘बघा मॅडम,’ सर म्हणाले.

मी ओरडले की त्याचा हात कधी मोडलेला नाही, इंजेक्शनची नोंद कुठे आहे, ते दाखवा. प्रमुख म्हणाला, ‘पेशंट स्वतः हो म्हणतोय, अजून काय पुरावा हवा तुम्हाला?’ मी दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आपल्यामुळे बहिणीला बोलणी बसली.

सही करायला मी नकार दिला. सरांनी माझ्या जागी स्वतःची सही केली आणि पास लिहिलं. त्यानंतर मी माझ्या कमांड आणि पोर्टलची उत्तरं थेट ओळख-केंद्राला पाठवली. ‘विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं, ते अजून विचाराधीनच आहे. मंडप उभा राहिला, फीत कापली, पेढे वाटले. आमच्या ऑफिसातही पेढ्यांचा बॉक्स आला. मी घेतला नाही. त्यावरून माझ्या स्वभावाची बरीच चर्चा झाली म्हणे. होऊ दे.

पण त्या दुपारी मीटिंग संपल्यावर मी दादाला घेऊन खाली आले. वर्कशॉपच्या दारात, दोन मोटारसायकलींच्या मध्ये आम्ही उभे राहिलो.

‘ती तुझी फाइल नव्हती,’ मी म्हणाले. ‘तुला वाचता येतं. तुला दिसत होतं.’

‘दिसत व्हतं,’ दादा म्हणाला. ‘पण साहेब खांद्यावर हात ठेऊन इचारत व्हता. तोंडावर नाय कसा म्हनू?’

‘उद्या डॉक्टर विचारेल. हातात सुई घेऊन विचारेल. तेव्हाही हो म्हणशील?’

तो बोटावरचा हिरवट डाग अंगठ्याने घासू लागला.

‘नाही म्हणायचं,’ मी म्हणाले. ‘माझा पाडा खालचा, मला ते इंजेक्शन चालत नाही, एवढं बोलायचं. म्हण.’

‘बरं.’

‘बरं नाही. आत्ता म्हण. मी डॉक्टर आहे असं समज. मी विचारते, तू नाही म्हण.’

आत लेथ सुरू होती, म्हणून मला आवाज चढवावा लागला. माझ्या गळ्यात ऑफिसचं कार्ड होतं, अंगावर इस्त्रीचा कुर्ता. मी ताठ उभी राहिले आणि त्याच्याकडे बोट करून विचारलं, ‘काय हो, ही फाइल तुमचीच ना?’

माझ्या भावाने, ज्याने मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून शाळेत नेलं होतं, माझ्याकडे बघितलं. चपला घातलेले पाय त्याने जवळ घेतले, मान खाली घातली.

‘हो मॅडम,’ तो म्हणाला.