कोणती बाटली चांगली?

जळगावच्या दवाखान्यात माझ्या भाच्याच्या खाटेशेजारी चोपड्याची एक चिमुरडी होती. जंतुसंसर्ग रक्तात पसरून तिचे हातपाय गार पडले होते. तिच्या डॉक्टरबाई मी त्या एकाच दिवशी पाहिल्या. त्या थोडं सलाइन सोडायच्या, नख दाबून रंग परततो का बघायच्या, पाणी जास्त होत नाही ना म्हणून पोट चाचपायच्या, मग पुन्हा थोडं सोडायच्या.

जवळ सलाइनच्या दोन प्रकारच्या बाटल्या होत्या. मुलीच्या आजोबांनी विचारलं, "ताई, यामा चांगली कोनती शे?"

"आबा, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून मी बाटलीपेक्षा पोरीकडे जास्त बघते."

मला वाटलं, आबा घाबरतील. ते स्टूल ओढून नातीकडे बघत बसले.

दुपारी चादर ओली झालेली त्यांनाच आधी दिसली. बाईंनी ती हाताने चाचपली आणि त्या मोठ्याने हसल्या. "लघवी झाली, आबा! किडनीपर्यंत रक्त पोचतंय!"