डावीकडच्याचे गुण

माझी मावशी वायरिंग शिकवायची. जिभेला हाड नाही, हाताला विसावा नाही. तिच्या वर्गात पहिल्या येणाऱ्याला कारखान्यात नोकरी ठरलेली, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. त्यामुळे मुलं शिकायची सोडून एकमेकांच्या पक्कडी लपवायची, परीक्षेच्या आधी शेजाऱ्याच्या बोर्डावरचे स्क्रू ढिले करायची. गेल्या वर्षी अर्धा वर्ग नापास झाला. "यंदाही असंच झालं, तर वर्ग बंद," मुख्याध्यापकांनी बजावलं. मावशीचा सगळा जीव त्या वर्गात होता.

घरी येऊन ती रागाने भाजी चिरत म्हणाली, "मुलं वाईट नाहीत गं. लबाडीला बक्षीस आम्हीच ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलं गोल लावली. "आजपासून सरावाच्या चाचणीत डावीकडच्याला पडतील, ते तुमचे गुण."

एकच गिल्ला झाला. वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा, ज्याला सगळे 'राजे' म्हणायचे, तो तर उसळलाच. त्याच्या डावीकडे काकू होत्या. पोरं मोठी झाल्यावर शिकायला आलेल्या, वायर सोलतानाही देवाचं नाव घेणाऱ्या.

"बाई, कष्ट माझे आणि गुण काकूंचे?"

"मग शिकव त्यांना. तोंड चालतंय तेवढं डोकंही चालव."

पहिल्याच चाचणीत राजेंना भोपळा मिळाला. मग मात्र ते मुकाट काकूंच्या बोर्डावर वाकले. आता शेजाऱ्याचा स्क्रू ढिला करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. लपवलेल्या पक्कडी आपोआप टेबलांवर आल्या.

पण शेवटची परीक्षा बाहेरची. तिथे ज्याचे गुण त्याला, आणि नोकरी पुन्हा एकालाच. मावशी अर्धवट उघड्या दारातून बघत होती, पार घाबरलेली. मध्येच काकूंची पक्कड तुटली. राजेंचा बोर्ड अजून अपुरा होता, तरी त्यांनी आपली पक्कड काकूंपुढे सरकवली.

"अरे, इथे गुण ज्याचे त्याला, ठाऊक आहे ना?" परीक्षकांनी विचारलं.

"ठाऊक आहे, सर. त्यांचं झालं की घेतो."

सगळा वर्ग पास झाला. राजे दुसरे आले. मावशी सगळ्यांदेखत ढसाढसा रडली, आनंदाने.

"बाई, जिंकलात. वर्ग चालू राहील," मुख्याध्यापक म्हणाले.

मावशीने डोळे पुसले. "तो राहीलच. आता चला कारखान्यात. नोकरी एकालाच का, ते विचारून येऊ."