कोसमटोल्याची शाळा आणि साहेबांची कात्री

"गडचिरोलीकडे जायचंय, काय बघू?" असं कुणी विचारलं की लोक मार्कंड्याचं देऊळ सांगतात, वैनगंगा सांगतात. मी कोसमटोल्याची प्राथमिक शाळा सांगतो. माझं नव्वदीचं वय बघून विचारणारा समजुतीने मान हलवतो आणि देवळाला जातो. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो.

तेव्हा आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि निम्म्या कचेऱ्यांवर अजून जुन्याच पाट्या होत्या. मी चांद्यात एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. एका सकाळी संपादक म्हणाले, "शिक्षण खात्याचे मोठे साहेब जंगलातल्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला निघालेत. तू जा. बातमी मी लिहून ठेवलीय." लिहून ठेवलीय तर मी कशाला, असं विचारणार होतो. पण जीपमध्ये फुकट जागा मिळत होती, आणि चैत्रातल्या मोहाच्या वासाने भरलेलं जंगल बघायची मला फार हौस होती.

चांद्याहून मूल, मूलहून सावली. सावलीत भजी चांगली मिळाली. साहेबांनी "उघड्यावरचं मी खात नाही" म्हणत माझ्या पुड्यातली चार उचलली. आता वैनगंगेवर पूल आहे, तुम्ही डुलकी काढेपर्यंत पलीकडे जाल. आम्ही मात्र जीप दोन डोंग्यांवर फळ्या टाकून नेली. साहेब नदी संपेपर्यंत कात्रीचं तबक छातीशी धरून बसले होते. ती चकचकीत कात्री खास उद्घाटनासाठी खरेदी केली होती. शाळेने फळा मागितला होता, तो मात्र अजून मंजूर व्हायचा होता. गडचिरोलीत मुक्काम झाला. जेवायला भात, वरण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. तुम्ही गेलात तर ते वडे सोडू नका.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या अंगाने जंगलात शिरलो. बैलगाडीच्या चाकोऱ्या म्हणजे रस्ता. साहेबांचा कारकून मागच्या बाकावरून भाषणाची उजळणी ऐकत होता आणि प्रत्येक धक्क्याला "वा!" म्हणत होता. मध्येच तो हळूच मला म्हणाला, "त्या मास्तरनं दोनदा निरोप धाडला, का आज येऊ नोका. आमीबी दोनदा कळवलं, का कार्यक्रम ठरला आहे."

"का येऊ नका?"

"गावात कायतरी बांधून राह्यले म्हणे."

बांधकाम चालू असेल, असं म्हणून साहेबांनी विषय संपवला.

सकाळी दहाच्या सुमाराला कोसमटोल्याच्या शिवेवर पोचलो. रस्त्याच्या दोन बाजूंच्या झाडांना दोरी बांधली होती, दोरीला आंब्याची पानं लावलेली. पलीकडे माणसं उभी, ढोल वाजतोय, आणि सगळ्यांच्या पुढे तीसेक पोरांसह पांढरी टोपी घातलेले एक सडपातळ मास्तर दोन्ही हात हलवत होते. हे शेख गुरुजी, राजुऱ्याच्या एका कापडवाल्याच्या घरातले. दुकान भावांना देऊन या जंगलात आले होते.

"बघा, किती प्रेम!" साहेब म्हणाले आणि त्यांनीही हात हलवले. गुरुजींनी आणखी जोरात हलवले. साहेब खाली उतरले, तबकातली कात्री उचलली आणि कचकन दोरी कापली. कारकुनाने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. ढोल थांबला होता.

त्या दिवशी गाव बांधलेलं होतं. रोगराई शिवेबाहेर राहावी म्हणून वर्षातून एकदा तिथे गावाला दोरी घालतात. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. गुरुजी हात हलवून हेच सांगत होते.

गावाचा पुजारी, ज्याला तिथे गायता म्हणतात, तो पुढे आला. दुर्गू गायता, साठीचा, उघडाबंब. त्याने कापलेली दोन टोकं हातात घेतली.

"काऊन तोडली?"

"मी कोण आहे माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"माहीत हाये. तोडनारा." गायता शांतपणे म्हणाला. "तोडनारा आतच राह्यते. दोरी पुन्हा बांधतो. उद्या दिवस निंगाल्यावर जा."

साहेब संतापले. धानोऱ्याच्या डाकबंगल्यावर कोंबडी शिजत होती. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. तो आरमोरीकडचा माणूस, जीपजवळून हललाच नाही. "मले नोकरी पाहिजे साहेब, पन बांधलेल्या गावातून मी कोनाले नेत नाई," म्हणाला आणि झाडाखाली आडवा झाला.

आता साहेब पायीच निघणार, तेवढ्यात गुरुजी आडवे आले. "साहेब, दोन वर्षं घरोघरी फिरून ही लेकरं जमवली. शाळा आली का देव कोपते म्हनत होते हे लोक. आज तुमी असेच निंगून गेले तं ते खरं होईन. उद्या एकबी पोरगं येनार नाई. एक दिवस राहा, साहेब."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. कुणामुळे राहिले ते त्यांनाच ठाऊक, पण राहिले. दोरी परत बांधली गेली आणि आम्ही चक्क आत कोंडलो गेलो. गायत्याने दंड म्हणून कात्री ठेवून घेतली.

शाळांना दहा मिनिटं देणाऱ्या माणसाला अख्खा दिवस शाळेत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नव्या इमारतीच्या दाराला कारकुनाच्या माणसांनी आठवड्याआधीच तांबडी फीत बांधून ठेवली होती, म्हणून शाळा बाहेर मोहाखालीच भरायची. खुर्ची इमारतीत अडकलेली, त्यामुळे साहेब चटईवर. पोरांनी पाढे म्हटले, गोंडीत एक गाणं म्हटलं. दुपारी पानाच्या द्रोणात आंबील आली. उघड्यावरचं न खाणाऱ्या साहेबांनी तीन द्रोण रिचवले. सोमी नावाच्या एका चिमुरडीने त्यांना बराच वेळ न्याहाळून विचारलं, "तुमाले कोन शिकवते?" साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. मी गालातल्या गालात हसलो.

मला सगळ्यात आवडली ती भिंत. फळा नव्हता, म्हणून गुरुजींनी इमारतीची बाहेरची भिंत कोळशाने काळी केली होती. शाळा सुटण्याआधी पोरांनी गावाची बातमी सांगायची, सगळ्यांना पटली तर गुरुजींनी लिहायची. त्या दिवशी तिथे होतं: "मासूच्या शेळीला दोन पिल्लं झाली. अस्वल मोह खाऊन गेलं. साहेबाने दोरी तोडली."

"तेवढं शेवटचं पुसा," साहेब म्हणाले.

गुरुजींनी पोरांकडे पाहिलं. "खोटं हाये का?" सोमीने विचारलं. ओळ तशीच राहिली.

सकाळी सूर्य वर आला, गायत्याने शिवेवरची गाठ सोडली. साहेबांनी लगेच निघायला हवं होतं, पण ते शाळेपाशी रेंगाळले. गुरुजी दाराशी उभे होते. अंगणात एकही पोर नव्हतं. गुरुजी टोपी काढायचे, पुन्हा घालायचे. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग गल्लीच्या टोकाला गायता दिसला आणि त्याच्यामागे सगळी पोरं. गुरुजींनी भिंतीला हात टेकला.

गायता दारापाशी थांबला, तांबड्या फितीकडे बघत. साहेब ओशाळून म्हणाले, "कात्री द्या, एवढं कापून टाकतो."

"थांबा," गायता म्हणाला. "हे तुमची दोरी नं? आमी तुमची तोडत नाई." कारकुनाच्या माणसांनी फीत चांगली आवळून बांधली होती. गायता नखांनी ती गाठ उकलत बसला. सुटल्यावर त्याने फितीची गुंडाळी केली, साहेबांच्या हातात ठेवली आणि पोरांना म्हणाला, "जा आत." गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि टोपीने डोळे पुसले.

चांद्याला परतलो तर अंक छापून विकूनही झाला होता. पहिल्याच पानावर: साहेबांच्या शुभहस्ते फीत कापून टाळ्यांच्या कडकडाटात उद्घाटन. मी संपादकांना खरं काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "ते आता कुठे छापू? उद्घाटन तर झालं ना?"

त्या प्रवासातलं बरंच विसरलो. गडचिरोलीला कुठे उतरलो होतो, साहेबांचा चेहरा कसा होता, आता आठवत नाही. तो अंकही वाळवीने खाल्ला. पण निघताना गुरुजींनी ओल्या फडक्याने भिंत पुसून पोरांनी सांगितलेली नवी बातमी लिहिली होती, ती पाठ आहे: "आज शाळा उघडली. कोणी काही तोडलं नाही."