जीपचे हीटर प्लग

आमच्या जुन्या डिझेल जीपचे चारपैकी दोन हीटर प्लग जळाले होते आणि मी दोन वर्षं ते बदलले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मी ह्या गोष्टीला फार गोड रूप दिलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सकाळी काहीतरी काम राहावं म्हणून तसंच ठेवलं, असं मी पाहुण्यांना सांगत फिरलो. खरं म्हणजे मी आळशी होतो.

गाडीत फार काही बिघडलं नव्हतं. किल्ली अर्धी फिरवली की हे प्लग आत तापून लाल होतात आणि थंडीत डिझेल पेट घेतं. दोनच प्लग तापत असल्यामुळे आमच्या वलवणच्या गारठ्यात जीप सकाळी नुसती खोकायची, पांढरा धूर सोडायची आणि बॅटरी उतरवायची. एकदा तापली की दिवसभर काही त्रास नाही. लोणावळ्यातून चिक्कीचे बॉक्स भरायचे, कार्ल्याच्या टपऱ्यांवर पोचवायचे, मधे कुणी प्रवासी मिळाला तर घ्यायचा, ह्या सगळ्यात ती कधी अडली नाही. फक्त एकदा गुरुवारचं भाडं घेऊन शिरगावला बाबांच्या मंदिरात गेलो, सपाट जागेवर अर्धा दिवस थांबलो, इंजिन गार पडलं आणि शेवटी दर्शन करून आलेल्या लोकांना ढकलायला लावलं. एक बाई म्हणाल्या, बाबांनीच ढकलून घेतली. मी मान डोलावली आणि घरी आल्यावरही प्लगला हात लावला नाही.

कारण घरापुढे उतार होता. आमच्याकडे बरेच जण हेच करतात. गाडी उताराला तोंड करून लावायची, पुढच्या चाकाखाली दगड द्यायचा. सकाळी गियर टाकून क्लच दाबायचा, कुणीतरी दगड काढायचा, गाडी घरंगळली की क्लच सोडायचा. दहा पावलांत इंजिन चालू. अशी सोय असल्यावर गाडी दुरुस्त करायला कोण बसतो?

दगड आबा काढायचे. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली. जीपचं ट्यूनिंगही आधी तेच करत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग म्हणायचे, "तिसरा बराबर मारत न्हाई." आणि तिसराच निघायचा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, लाइनमध्ये एअर शिरली की हातपंप मारून ती घालवणं, आयडलिंगचा स्क्रू पाव आटा इकडे की तिकडे, ह्यात त्यांचा रविवार जायचा. मला त्यातलं निम्मंच शिकवलं. निम्मं मी शिकलो नाही.

मग झटका आला आणि डावी बाजू गेली. चालायला लागले, बोलायलाही लागले, पण डाव्या हाताला गार कळेना की गरम कळेना. उजव्या हाताने पाना धरता येई, पण दुसऱ्या हाताने आधार देता येत नसे. पाना घसरायचा आणि ते शिवी द्यायचे. हळूहळू बॉनेट उघडणंच बंद झालं. उरला तो दगड. रोज सात वाजता अंघोळ करून, स्वेटर घालून ते जीपपुढे उभे असायचे. मी ब्रेक दाबून धरायचो. ते खाली बसून दगड ओढायचे आणि म्हणायचे, "सोड." मी सोडायचो. दोन वर्षांत ही वेळ त्यांनी चुकवली नाही. पौर्णिमेला विहारात जायचं असलं तरी आधी जीप, मग विहार.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा दगड ओढला आणि "सोड" म्हणाले. खाली बसताना आधारासाठी डावा हात जमिनीवर ठेवला होता, तो टायरच्या अगदी पुढ्यात होता. त्यांना तो कळत नव्हता आणि मला तो दिसत नव्हता. मी ब्रेक सोडला. चाकाला जरा उंचवटा लागल्यासारखं झालं. पण मला इंजिन चालू करायचं होतं. क्लच सोडला, इंजिनने घेतलं, आणि मग आरशात पाहिलं तर ते अजून बसूनच होते. ओरडले नव्हते. हाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

तळेगावच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. परत येताना आबा मलाच म्हणाले, "माझीच चूक हाय. आधी हात बघाया पायजे हुता." मला त्यांचा राग आला. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी बायको एवढंच म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय मी."

दुसऱ्या दिवशी चारही प्लग नवीन आणले. जुने काढून एकेक बॅटरीला लावून बघितले. दोन लाल झाले, दोन काळेच राहिले. नवे बसवून तारा जोडल्या. सगळं काम तासाभराचंही नव्हतं. मी तिथेच पान्याने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं, हळू, कुणी बघत नाही असं बघून.

पुढच्या सकाळी किल्ली अर्धी फिरवली, समोरचा प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबलो, पूर्ण फिरवली. पहिल्याच झटक्याला चालू. आबा दारात उभे होते, स्वेटर घालून, हाताला पट्टी.

"घेतली का रं?"

"व्हय आबा."

"झालं मग," म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर ते सकाळी उठेनासे झाले. हाताचा व्यायाम सोडला, पौर्णिमेला विहारात जाईनात. बायको म्हणाली, "मामंजी नऊ वाजले तरी भिंतीकडे तोंड करून असतात. काहीतरी करा."

मी केलं ते असं. एका सकाळी बॉनेट उघडून हीटर प्लगची मुख्य तार काढून ठेवली. मग किल्ली फिरवत बसलो. जीप खोकली, धूर सोडला. मी हाक मारली, "आबा, चालू होत नाही. जरा बघता का?"

बराच वेळ लागला, पण आले. स्वेटर घातला नव्हता. चाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. धूर कसा निघतोय ते बघितलं, मला बॉनेट उघडायला लावलं आणि उजवा हात थेट त्या तारेवर नेला. तिचा नट मी खिशात ठेवला होता. त्यांनी तळहात पुढे केला. मी नट दिला. एका हाताने, पाना न लावता, बोटांनीच तो आवळायला त्यांना खूप वेळ लागला आणि मी मदत करायला गेलो तर कोपराने मला बाजूला सारलं.

"आता मार."

किल्ली फिरवली, चालू झाली.

हात लुंगीला पुसत म्हणाले, "मला काय कळंना झालंय व्हय? उद्यापास्नं हाक मारू नगं."

त्यानंतर ते पावसाळ्यापर्यंत होते. जीप रोज पहिल्या किल्लीला चालू होत राहिली. मी हाक मारली नाही. त्यांनी सांगितलं होतं, हे एक झालं. पण जीप सोडून त्यांना हाक मारायला दुसरं कोणतंही कारण मला त्या चार महिन्यांत सुचलं नाही.